पात्र ठरलेली पाटलीनबाई

"पाह्यलं का आयकलं?"

कोणीही तक्रार घेऊन दारात आलं की पाटलीनबाईंचा पहिला प्रश्न हाच. आधी हा प्रश्न, मग बसायला चटई, मग चहा. उत्तर मिळेपर्यंत त्या डावा हात कमरेवर ठेवून उभ्या राहत. समोरचा कितीही तावातावानं आला असला तरी एवढ्यानं त्याची अर्धी वाफ निघून जायची.

एकदा मी त्यांच्या ओसरीवर बसलो असताना एक गडी धावत आला. "पाटलीनबाई, शेजाऱ्यानं माहा कोंबडा खाल्ला!"

"पाह्यलं का आयकलं?"

गडी थबकला. "वास आला."

पाटलीनबाई माझ्याकडे वळल्या. चेहरा अगदी गंभीर. "जमादारभाऊ, वास कशात धरता तुमी? पाह्यल्यात का आयकल्यात?"

तेवढ्यात कोंबडा मागच्या कुंपणावर येऊन आरवला, म्हणून ते प्रकरण तिथेच मिटलं. पण नंतर चांगला महिनाभर आमच्या ठाण्यात कोणी जबाब द्यायला आलं की ठाणेदार साहेब मला विचारायचे, "वास आला का?"

मी मूळचा वरोऱ्याकडचा, कापसाच्या मुलखातला. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत बदली झाली ती गडचिरोली जिल्ह्यात, मुलचेऱ्याच्या बाजूला, जंगलातल्या एका ठाण्यावर. तिथे मी बीट जमादार होतो. आठ-दहा गावं माझ्याकडे, आणि प्रत्येक गावात एक पोलीस पाटील. तुम्ही खेड्यातले असाल तर सांगायला नको. गावात काही घडलं की पहिली खबर पोलीस पाटलाला, आणि त्याच्याकडून ठाण्याला. आमच्यापर्यंत काय पोचतं आणि काय पोचत नाही, ते या एका माणसावर ठरतं.

त्या गावची पोलीस पाटील बाई होती. पन्नाशीच्या पुढची, ठेंगणी, तलावावर मासेमारी करणाऱ्या घरातली. गावानं तिचं नाव कधीच बाजूला ठेवलं होतं. लहान-थोर सगळे तिला पाटलीनबाई म्हणत. मीही तेच म्हणत आलो.

पाटलीनबाई आणखी एका गोष्टीत होत्या, आणि ही सगळी हकिकत त्या गोष्टीचीच आहे. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्या भागात बायांची एक दारूबंदी संघटना होती. लोक त्यांना दांडेवाल्या म्हणत, कारण प्रत्येकीच्या हातात बांबूचा दांडा असायचा. हातभट्टीची खबर लागली की वीस-पंचवीस बाया निघायच्या, भिजत घातलेला मोहाचा सडवा ओतून द्यायच्या आणि मडकी फोडायच्या. आमच्या धाडीत फुटत नसतील इतकी मडकी त्यांच्या एका फेरीत फुटायची. आम्हाला त्यांची मदत व्हायची आणि डोकेदुखीही व्हायची.

नव्यानं भेटणाऱ्याला वाटायचं की पाटलीनबाईंचा नवरा दारूपायी गेला असेल, म्हणून त्या संघटनेत. मलाही तसंच वाटलं होतं. नवरा मात्र ठणठणीत! रोज पहाटे डोंगा घेऊन तलावात जायचा आणि चहासुद्धा अर्धाच कप प्यायचा. मी एकदा त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "माहा नवरा पेत नाई म्हणून त मले येळ आहे. जिचा पेते, थे बाई घर सांभाळन का मोर्चात येईन?"

पोलीस पाटलाच्या मुलाखतीतही त्यांनी हे लपवलं नव्हतं. तेव्हाच्या उपविभागीय अधिकारी साहेबांनी विचारलं, कुठल्या संघटनेत आहात का? आहे म्हणाल्या. आतापर्यंत किती दारू पकडली? "पकडली नाई साहेब. फोडली." साहेब हसले आणि नेमणूक झाली.

आमच्या ठाणेदार साहेबांना हे पटत नसे. सरकारी काम करणाऱ्यानं कशातच असू नये, असं त्यांचं मत. एकदा त्यांनी पाटलीनबाईंना ते तोंडावर सांगितलं. बाई म्हणाल्या, "साहेब, तुमी भजनी मंडळात पेटी वाजवता नं?"

"भजनी मंडळ कोणाची मडकी फोडत नाही."

"नाई फोडत. पण त्याच मंडळातले दोघं जुगारात धरले तवा तुमी सोडलं का त्याईले?"

"नाही सोडलं."

"मंग मले काऊन सांगून राह्यले? म्या कोणाले सोडलं त बोला."

साहेबांनी चहा मागवला. उत्तर नसलं की ते चहा मागवत.

गावापासून कोसभर आत जंगलात आदिवासींचा एक टोला होता. वीस-बावीस घरं. शेती थोडी, बाकी मोहा, तेंदूपान आणि डिंक. त्यांचा धर्म वेगळा आणि देवही वेगळे. देवाला ते पेन म्हणतात. पेनापुढे मोहाच्या दारूची धार सोडल्याशिवाय त्यांची पूजा होत नाही, लग्न होत नाही, मेलेल्या माणसाला निरोपही दिला जात नाही. ते विकण्यासाठी गाळत नसत. हे पाटलीनबाईंना माहीत होतं, आणि टोल्याकडे जाऊ नका, असं त्यांनी संघटनेत दोन-तीनदा सांगितलंही होतं.

तरी एक दिवस बाया टोल्यावर गेल्याच. पाटलीनबाई त्या दिवशी तालुक्याला बैठकीला गेल्या होत्या. टोल्याची पूजा करणारा एक म्हातारा होता. बायांनी त्याच्या अंगणातली मडकी फोडली, आणि तो आडवा आला म्हणून पाचजणींनी त्याला पळसाच्या झाडाला बांधलं. गळ्यात चपलांची माळ घातली. पूजेच्या दिवशी, पेनाच्या समोर.

पाटलीनबाई संध्याकाळी परतल्या तेव्हा गावात हीच चर्चा. त्या घरात शिरल्याच नाहीत. तशाच टोल्यावर गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात येऊन माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "लिहा."

त्यांनी पाच नावं सांगितली. पाचही जणी त्यांच्या संघटनेतल्या, त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं चाललेल्या.

मी लेखणी खाली ठेवली. "बाई, पाहिलं का ऐकलं?" मला वाटलं, निदान विचार करायला वेळ तरी मिळेल त्यांना.

"आयकलं होतं. मंग जाऊन पाह्यलं. त्याच्या मनगटावर दोराचे वळ आहेत. लिहा, जमादारभाऊ."

पाचजणींना ठाण्यात बोलावलं, तेव्हा पाटलीनबाई स्वतः त्यांना घेऊन आल्या. त्यांतल्या एकीचा तरणा मुलगा दारूनं गेला होता. ती दारातच उभी होती. पाटलीनबाई मला म्हणाल्या, "नाव लिहा, पण तिले बसाले द्या पह्यले." मी माझी खुर्ची दिली.

या एका गोष्टीनं दोन्हीकडची माणसं दुखावली. संघटनेची अध्यक्षीण भर चौकात त्यांच्यावर ओरडली, "तू आमची आहेस का सरकारची?" आणि टोल्यानं उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज केला, की जी बाई दांडेवाल्यांत आहे तिला पोलीस पाटील ठेवू नये. गंमत पाहा. जिनं टोल्यासाठी आपल्याच बायांची नावं दिली, तिलाच काढा म्हणून टोल्याचा अर्ज. मला त्यांचा रागच आला होता.

सुनावणीला मी हजर होतो. उपविभागीय अधिकारी साहेब तरुण होते आणि शांतपणे ऐकणारे. त्यांनी आधी म्हाताऱ्याला विचारलं.

म्हातारा हात जोडून उभा राहिला. "बाईनं माहं वाईट नाई केलं, साहेब. पण थे त्याईच्यात आहे. उद्या माह्या घरी काई झालं, त म्या सांगाले कोणाकडं जाऊ?"

"त्यांच्याकडेच जा," साहेब म्हणाले. "त्यांनी तुमच्यासाठी स्वतःच्या लोकांविरुद्ध खबर दिली आहे."

म्हातारा हात जोडूनच मागे सरला.

मग साहेब पाटलीनबाईंना म्हणाले, "तुम्ही संघटना सोडल्याचं लिहून द्या. हा विषय इथेच संपवू."

पाटलीनबाई खुर्चीवरून उठल्या. डावा हात कमरेवर. "साहेब, संघटनेवर सरकारची बंदी आहे का?"

"नाही."

"मंग मी लिहून नाई देणार. म्या काय केलं थे इचारा. दिवसभर इचारा. मी कोणासंगं बसतो-उठतो त्याच्यावरून मले काढान, त उद्या कोणाच्याही मांगं काई ना काई निघन."

साहेबांनी कागद चाळले, दोन-तीन प्रश्न विचारले आणि निकाल दिला. संघटनेवर बंदी नाही, तो राजकीय पक्ष नाही, आणि बाईंनी कामात पक्षपात केल्याचा पुरावा नाही. उलट पुरावा आहे तो निःपक्षपातीपणाचाच. सबब त्या पदासाठी पात्र आहेत.

बाहेर आल्यावर पाटलीनबाईंनी आम्हा सगळ्यांना गरम भजी खाऊ घातली. नवऱ्यानं निकालाचा कागद चौकटीत घालून आणला आणि ओसरीच्या भिंतीवर लावला. मला विचाराल तर आजही मी म्हणेन, निकाल बरोबर होता.

पुढच्या उन्हाळ्यात मोहा फुलला. मोहाफुलं वेचायला माणसं पहाटे जंगलात जातात, आणि अस्वलंही त्याच फुलांवर येतात. टोल्यावरच्या त्या म्हाताऱ्याची सून फुलं वेचायला गेली आणि दुपार झाली तरी परतली नाही.

अशा वेळी काय करायचं, हे तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पोलीस पाटलाला सांगायचं. पाटील ठाण्याला आणि वनखात्याला फोन लावतो, मग गाडी येते, माणसं येतात. पण टोल्यावरून कोणी आलं नाही. त्यांचे तेच जंगलात शोधत फिरले. सून त्यांना दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर सापडली, एका नाल्यात. जिवंत होती. अस्वलानं चेहरा फाडला होता आणि उजवा हात चावला होता.

तिला खाटेवर घालून गावातून नेत होते, तेव्हा पाटलीनबाईंना कळलं. त्या अनवाणीच खाटेमागे धावल्या, धावता धावता त्यांनी मला फोन केला. मी गाडी पाठवली आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचलो. सून वाचली. एक डोळा गेला. हाताबद्दल डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवशी आणली असती तर वाचवता आला असता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. पाटलीनबाई त्याच्या समोर जमिनीवर बसल्या.

"दादा, माह्याकडं काऊन नाई आले?"

म्हातारा जमिनीकडे पाहत म्हणाला, "घरोघरी मोहा भिजून होता, बाई."

"मले काय करायचं होतं मोहाचं? मी तुमच्या सुनंसाठी आली असती."

"तू आली असती, हे माहीत होतं." त्यानं पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "म्हणूनच नाई सांगतलं. तू एकटी आली तरी आमाले तुह्या मांगं दांडे दिसतेत. माहा पोरगा निघाला होता तुह्याकडं. म्याच अडवलं त्याले."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. म्हातारा स्वतःलाच दोष देत होता, आणि पाटलीनबाईंना त्यातला आपला वाटा कुठला ते समोर दिसत होतं.

परत येताना त्या माझ्या मोटारसायकलवर मागे बसल्या होत्या. घनदाट सागवान लागल्यावर म्हणाल्या, "जमादारभाऊ, थो म्हातारा खोटं बोलला का?"

"नाही."

"म्या त्याच्यासाठी माह्या बायाईचे नाव देल्ले. तरी?"

"तरी."

थोड्या वेळानं मी म्हणालो, "बाई, आता सोडा ती संघटना. तशाही त्या बाया तुम्हाला विचारत नाहीत."

"संघटना सोडली त टोल्याले कोण सांगन? म्या सोडली म्हणून ढोल वाजवत फिरू? म्या काल सोडली तरी त्याईले मी आज दांडेवालीच दिसन." मग माझ्या पाठीला बोटानं टोचत म्हणाल्या, "थांबवा गाडी."

मी थांबवली. त्या उतरून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. रडत नव्हत्या. कमरेवर हात ठेवून झाडांकडे पाहत होत्या, जणू झाडंच तक्रार घेऊन आली आहेत. मग पदर खोचून परत बसल्या. "चला. ठरलं."

काय ठरलं ते त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो तर त्या निघून गेल्या होत्या. नवरा ओसरीवर जाळं शिवत होता. भिंतीवरची चौकट जागेवरच होती.

"राजीनामा द्याले गेली," तो म्हणाला.

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"तिनं मले इचारलं, देऊ का म्हणून." त्यानं दातानं दोरा तोडला. "पण तवा तिच्या पायात चप्पल होती अन् हातात पिशवी."

मी तसाच उपविभागीय कार्यालयात पोचलो. साहेब आणि पाटलीनबाई समोरासमोर होते. साहेब वैतागले होते, पण वैताग मायेचा होता.

"अहो, मी तुम्हाला पात्र ठरवलंय. नियमात बसतंय सगळं."

"तुमचा निकाल बरोबर आहे साहेब. माह्या घरी भिंतीवर लावला आहे. थे पोरगी नाल्यात पडून होती तवाही भिंतीवरच होता. पण टोल्याचे लोक माह्या दारात नाई आले."

"असं केलं तर उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल, मला अमक्या अधिकाऱ्याची भीती वाटते, काढा त्याला. मग एकही अधिकारी टिकणार नाही."

"खरं आहे," पाटलीनबाई म्हणाल्या. "म्हणून तुमी मले काढू नका. मी आपली जातो."

साहेबांनी कागद पुढे ओढला, पुन्हा मागे सारला. मग विचारलं, "पद सोडताय, मग ती संघटना का नाही सोडत? पद तुम्हाला आवडतं. मला माहीत आहे."

"आवडते नं. रांडेचा कोंबडा हरवला तरी लोक माह्याकडं येत, कोणाले नाई आवडणार?" त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "पण साहेब, थे दांडे माह्या बायाईच्या हातात आहेत. पह्यले आमी दांडा घेत होतो सापासाठी. मंग मडक्यासाठी घेतला. मंग माणसावर उगारला. मी तिथून निघाली त थो खाली कोण ठेवन? पाटीलकी दुसरं कोणी बी करन. हे काम दुसरं कोणी नाई करत."

साहेबांनी सही केली. बाहेर आल्यावर पाटलीनबाईंनी ओळखपत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "टोल्यातल्या एखाद्या बाईले करा आता. मोहाची भीती नसन अशीले."

पुढचं वर्ष त्यांच्यासाठी सोपं नव्हतं. ना पद, ना संघटनेत मान. अध्यक्षीण त्यांच्याकडे पाठ करून बसायची. तरी प्रत्येक बैठकीला त्या जायच्या, सर्वांत मागे बसायच्या, आणि शेवटी उठून एकच गोष्ट मागायच्या: दांडे घरी ठेवा, टोल्याची माफी मागा. काही बाया चिडून संघटना सोडून गेल्या. कोणी त्यांना फितूर म्हटलं. मुलगा गमावलेली ती बाई मात्र एका बैठकीत आपला दांडा घेऊन पुढे आली आणि तिनं तो पाटलीनबाईंच्या पुढ्यात ठेवला. त्यानंतर हळूहळू दुसऱ्या ठेवू लागल्या. दारूविरुद्धचं काम काही त्यांनी सोडलं नाही. विकणाऱ्याच्या दारात जाऊन बसायच्या, उठायच्याच नाहीत. त्यानंही विक्रेते तेवढेच घाबरायचे.

त्या गावाला नवी पोलीस पाटील मिळाली ती टोल्यातलीच, म्हाताऱ्याच्या भावाची मुलगी. तिचं काम नीट चालू आहे. एकदा टोल्यातल्याच एका माणसाविरुद्ध तिनं खबर दिली, तेव्हा तिची कुठल्याही संघटनेत नोंद नाही हे पाहून ठाणेदार साहेब खूश झाले. मी म्हणालो, "साहेब, ती टोल्याची आहे. हेही कशात तरी असणंच की." साहेबांनी चहा मागवला.

निवृत्तीच्या आधी मी सगळ्या गावांना शेवटची चक्कर मारली. टोल्याच्या वाटेवर पाहिलं तर हद्दीच्या दगडाबाहेर, उन्हात, पंधराएक बाया जमिनीवर बसलेल्या. रिकाम्या हातांनी. पुढे पाटलीनबाई. अध्यक्षीणही होती, एका बाजूला, मान वळवून.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"माफी मांगाले आलो. बोलावल्याबिगर आत नाई जायचं, असं ठरवलं आहे."

"कधीपासून बसलात?"

"बसलो आहो. तुमी जा, जमादारभाऊ. वर्दी पाह्यली त थे लोक बिलकूल येणार नाईत."

मी मोटारसायकल लांब नेऊन झाडाखाली लावली आणि तिथून पाहत राहिलो. टोल्यात माणसं अंगणात उभी होती, पण पुढे कोणी येईना. ऊन चढलं. दोघी-तिघी बाया उठून सावलीला गेल्या. पाटलीनबाई हलल्या नाहीत.

शेवटी म्हातारा आला. त्याच्यामागे सून होती, चेहऱ्यावरून पदर ओढलेली. म्हातारा हसला नाही, आत या असंही म्हणाला नाही. त्यानं दगडाच्या आतल्या बाजूला हातानं जागा झाडली आणि पाटलीनबाईंच्या समोर मांडी घालून बसला. सून थोडा वेळ उभी राहिली, मग डाव्या हाताचा आधार घेत त्याच्या शेजारी बसली.

ते काय बोलले, मला ऐकू आलं नाही. दगड दोघांच्या मध्ये होता. पाटलीनबाई पुढे वाकल्या होत्या, मान खाली होती, आणि म्हातारा बोलत होता. बराच वेळ तोच बोलत होता.